विश्लेषण : व्याज नाही, तर बँक कमावते कशी? इस्लामिक बँकिंगवरील संशोधन काय सांगते?

पाकिस्तानने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती केली. न्यायव्यवस्थेतील बदलांमुळे ती गाजली. पण तिच्यात एक तरतूद बँकांसाठीही होती. १ जानेवारी २०२८ पर्यंत, शक्य असेल तितके, देशातून व्याज पूर्णपणे हद्दपार करायचे. दुसरीकडे बांगलादेशात पाच शरियाधारित बँका बुडीत कर्जांखाली इतक्या दबल्या, की २०२५ मध्ये त्यांना एकत्र करून एकच बँक उभी करण्याची वेळ आली. एका देशाला सगळी बँकव्यवस्था या पद्धतीवर न्यायची आहे, तर दुसऱ्या देशात त्याच पद्धतीच्या बँका सावरताना सरकारची दमछाक होते आहे. ही पद्धत चालते कशी, इतर बँकांपेक्षा ती खरेच वेगळी वागते का आणि ग्राहक तिच्याकडे नेमके कशासाठी जातात?

व्याज नाही, म्हणजे नेमके काय?

इस्लाममध्ये ‘रिबा’ निषिद्ध आहे. बहुसंख्य धर्मपंडित त्याचा अर्थ कर्जावरील कोणतेही व्याज असा घेतात. पैसा ही वस्तू नाही, त्यामुळे केवळ वेळ गेला म्हणून पैशावर पैसा घेता येत नाही. नफा हवा असेल तर व्यापार करा, मालमत्ता भाड्याने द्या किंवा धंद्यात भागीदार व्हा आणि जोखीमही उचला, हे त्यामागचे सूत्र. दारू, जुगार अशा व्यवसायांना पैसे द्यायचे नाहीत आणि करारात अवाजवी अनिश्चितता ठेवायची नाही, ही आणखी दोन पथ्ये.

व्यवहारात ते कसे दिसते, यासाठी एक उदाहरण घेऊ. तुम्हाला १० लाखांची गाडी घ्यायची आहे. नेहमीची बँक तुम्हाला १० लाखांचे कर्ज देईल. दर ९ टक्के, मुदत पाच वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे २० हजार ७५८ रुपये. पाच वर्षांत तुम्ही एकूण साधारण १२ लाख ४५ हजार ५०० रुपये भरता. इस्लामिक बँक कर्ज देत नाही. ती गाडी स्वतः १० लाखांना विकत घेते आणि तुम्हाला १२ लाख ४५ हजार ५०० रुपयांना उधारीवर विकते. आपली खरेदी किंमत आणि नफा ती तुम्हाला आधीच सांगते. पैसे तुम्ही ६० हप्त्यांत फेडता. हप्ता? तोच, २० हजार ७५८. या कराराला ‘मुराबाहा’ म्हणतात.

मी हे गणित एक्सेलमध्ये मांडले तेव्हा पहिली प्रतिक्रिया ‘मग फरक काय?’ हीच होती. फरक आहे, पण तो हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही. मुराबाहात विक्रीची किंमत एकदा ठरली की ठरली. हप्ता थकला तर बँक थकबाकीवर चढते व्याज लावून स्वतःचे उत्पन्न वाढवू शकत नाही; विलंबशुल्क घेतलेच तर बहुतेक ठिकाणी ते धर्मादाय कामासाठी द्यावे लागते. ग्राहकाच्या बाजूने ही जमेची गोष्ट. उलट बाजूही आहे. तीन वर्षांनी तुमच्या हाती पैसे आले आणि व्यवहार मिटवायचा ठरवला, तर नेहमीच्या कर्जात शिल्लक मुद्दल निघते सुमारे ४ लाख ५४ हजार. मुराबाहात मात्र उरलेल्या २४ हप्त्यांची किंमत, म्हणजे सुमारे ४ लाख ९८ हजार, तुमच्या नावावर असते. बँकेने सूट दिली तर प्रश्न नाही. पण द्यायचीच असे मूळ कराराच्या तर्कात बसत नाही. मलेशियात या मुद्द्यावरून बरेच वाद झाले आणि २०११ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ही सूट करारातच लिहिणे बँकांना बंधनकारक केले.

नफा-तोट्याची भागीदारी कुठे गेली?

या चळवळीची सुरुवात मोठी स्वप्नाळू होती. १९६३ मध्ये इजिप्तमधील मित घम्र या गावात अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञाने जर्मनीतील बचत बँका डोळ्यांपुढे ठेवून एक छोटी बँक काढली. शेतकरी आणि कारागिरांनी बचत करायची, त्यातून गावातल्यांना भांडवल मिळायचे, व्याजाचा विषय नाही. काही वर्षांतच ती सरकारी व्यवस्थेत विलीन झाली, पण आधुनिक इस्लामिक बँकेचा पहिला प्रयोग म्हणून तिचेच नाव घेतले जाते. पुढे तेलाचा पैसा आला. १९७५ मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबई इस्लामिक बँक सुरू झाल्या, १९८३ मध्ये मलेशियाने स्वतंत्र कायदा केला. आज जगभरातील इस्लामिक वित्तव्यवसाय ३ लाख कोटी डॉलरच्या वर गेला आहे आणि त्यातला सर्वात मोठा हिस्सा बँकांचाच आहे.

मूळ कल्पना मुराबाहाची नव्हतीच. बँकेने उद्योजकाला पैसे द्यावेत, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा आणि तोटा भांडवल देणाऱ्याने सोसावा (‘मुदाराबा’), किंवा दोघांनीही भांडवल घालावे आणि तोटाही त्या प्रमाणात वाटून घ्यावा (‘मुशारका’), ही खरी अपेक्षा होती. प्रत्यक्षात झाले भलतेच. बँक भागीदार झाली की तिला धंद्याचे खरे हिशेब लागतात आणि दोन वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडून ते मिळणे किती कठीण, हे आपल्याकडच्या कोणत्याही पतसंस्थेचा वसुली अधिकारी सांगेल. शिवाय ज्याला आपला धंदा जोरात चालणार याची खात्री आहे, तो नफ्यात वाटेकरी कशाला घेईल? भागीदारी मागायला जास्त करून डळमळीत धंदेवाले येतात.

बेंग सून चाँग आणि मिंग-हुआ लिऊ यांनी मलेशियातील आकडेवारी तपासून २००९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. नफा-तोटा वाटणीच्या तत्त्वावर दिलेला पैसा तिथे नगण्य निघाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इस्लामिक ठेवींवर मिळणारा ‘नफा’ हा नेहमीच्या बँकांच्या व्याजदराच्या मागोमाग चालत होता. शेजारच्या बँकेचा दर वाढला आणि आपण वाढवला नाही, तर ठेवीदार उठून जातील, ही भीती दोन्हीकडे सारखीच असते.

कामगिरीत कोण पुढे?

या विषयावर शोधनिबंधांचा अक्षरशः ढीग आहे. त्यातला सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक म्हणजे थॉर्स्टन बेक, अस्ली देमिर्गुच-कुंत आणि ऊर्दा मेरूश यांचा २०१३ मधील अभ्यास. जिथे दोन्ही प्रकारच्या बँका आहेत अशा २२ देशांतील आकडे त्यांनी पाहिले. व्यवसायाच्या स्वरूपात फार मोठा फरक नाही, असे त्यांचे म्हणणे. इस्लामिक बँकांचा खर्च जास्त, पण कर्जे तुलनेने चांगली आणि भांडवल भक्कम. खर्च जास्त असण्यात नवल नाही. प्रत्येक व्यवहारात आधी खरेदी, मग विक्री असे दुहेरी कागद, वर धर्मपंडितांचे शरिया मंडळ. ते मंडळ बँकच नेमते आणि मानधनही बँकच देते. मलेशियाने यावर उपाय म्हणून १९९७ मध्ये मध्यवर्ती बँकेतच राष्ट्रीय पातळीवरची शरिया सल्लागार परिषद नेमली. सगळीकडे तसे नाही.

स्थैर्याबद्दल आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मार्टिन चिहाक आणि हायको हेस यांचा २००८ मधील निष्कर्ष अधिक रंजक आहे. त्यांनी ‘झेड-स्कोअर’ हे माप वापरले. बँकेचा नफा नेहमीच्या चढउताराच्या किती पट घसरला तर तिचे सगळे भांडवल संपेल, हे ते माप सांगते. इंजिनीअरिंगमध्ये पूल बांधताना ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ काढतात, साधारण त्याच जातीची गोष्ट. या मापावर छोट्या इस्लामिक बँका छोट्या व्यापारी बँकांपेक्षा मजबूत निघाल्या. मोठ्या बँकांत चित्र उलटे झाले: मोठ्या व्यापारी बँका मोठ्या इस्लामिक बँकांपेक्षा मजबूत. आकार वाढतो तसे भागीदारी आणि उधार-विक्रीचे शेकडो वेगवेगळे करार सांभाळणे जड जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मग २००८ चे जागतिक संकट? इस्लामिक बँका त्यातून सुटल्या, असे भाषणांत हमखास ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. कर्जांची खरेदी-विक्री करता येत नसल्याने अमेरिकी गृहकर्जांवर बेतलेले विषारी रोखे त्यांच्याकडे नव्हते. नाणेनिधीच्याच माहेर हसन आणि जेम्मा द्रिदी यांनी आठ देशांतील बँकांचा अभ्यास केला. २००८ मध्ये इस्लामिक बँकांच्या नफ्याला कमी झळ बसली. २००९ मध्ये मात्र, संकट प्रत्यक्ष बांधकाम आणि व्यापारापर्यंत पोहोचल्यावर, काही देशांत त्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त घसरला. कारण जोखीम व्यवस्थापन कच्चे. रोख्यांपासून वाचलेला पैसा इमारती आणि जमिनीत अडकला होता.

ग्राहक धर्मासाठी येतो की सोयीसाठी?

सर्वेक्षणांची उत्तरे एकमेकांशी भांडतात. जॉर्डनमधील ग्राहकांचा १९८९ मध्ये अभ्यास करणाऱ्या एरोल आणि अल-बदूर यांना धर्म हे मुख्य कारण आढळले नाही. परताव्याचा हिशेब आढळला. बहारीनमध्ये १९९८ मध्ये मेतावा आणि अल्मोसावी यांना नेमके उलटे दिसले: आधी धर्मतत्त्वांचे पालन, त्याखालोखाल परतावा. सिंगापूरमध्ये १९९७ मध्ये जेरार्ड आणि कनिंगहॅम यांनी मुस्लीम आणि मुस्लिमेतर अशा दोघांनाही विचारले. एका वर्षी बँकेला नफाच झाला नाही तर ठेव काढून घेऊ, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिमेतरांत बरेच जास्त होते.

अशा सर्वेक्षणांची एक अडचण मला चांगली ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्हीही ऑनलाइन प्रश्नावली फिरवली होती. ती हॉस्टेलमधल्या मित्रांनी चहाच्या बदल्यात भरली आणि आमच्या ॲपची ‘स्वीकारार्हता’ भरघोस निघाली. ‘तुम्ही ही सेवा वापराल का?’ या प्रश्नाला माणूस सहसा हो म्हणतो. त्यात धर्माचा प्रश्न असेल तर नाही म्हणणे आणखी अवघड.

म्हणूनच जॉर्डनमधला एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. डीन कार्लन, ॲडम उस्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना नुसते विचारले नाही, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एकाला नेहमीच्या, तर दुसऱ्याला शरियाधारित लघुकर्जाची माहिती दिली. पहिल्या गटात १८ टक्क्यांनी अर्ज केले, दुसऱ्यात २२ टक्क्यांनी. कर्जाची किंमत दहा टक्क्यांनी कमी केल्यावर जितके अर्ज वाढले असते, तितका हा परिणाम. म्हणजे ‘शरियाधारित’ या शब्दाला बाजारात मोल आहे. ते खरे आहे, मोजता येते. पण प्रचंड नाही. उरलेले ७८ टक्के लोक व्याजामुळे अडले होते असे म्हणता येत नाही.

जागतिक बँकेच्या संशोधकांनी ६४ देशांतील सुमारे ६५ हजार प्रौढांची माहिती तपासली तेव्हाही असेच काहीसे दिसले. मुस्लिमांत बँक खाते असण्याचे आणि बँकेत बचत करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. औपचारिक कर्ज घेण्याचे प्रमाण मात्र कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही.

कर्जफेडीवर परिणाम होतो का?

हा या सगळ्यातला सर्वात चकित करणारा भाग. लीव्हन बाएले, मोअज्जम फारूक आणि स्टीव्हन ओंगेना यांनी पाकिस्तानातील २००६ ते २००८ या काळातील दीड लाखांहून अधिक कर्जांची नोंद तपासली. इस्लामिक कर्जे थकण्याचे प्रमाण नेहमीच्या कर्जांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. रमजानच्या महिन्यात ते आणखी घटत होते. मोठ्या शहरांत धार्मिक पक्षांची मते वाढली होती, तिथेही घटत होते. कागदावर दोन्ही कर्जे जवळपास सारखीच, पण फेडणाऱ्याच्या मनात ती सारखी नव्हती. अशा वेळी ‘हे तर नुसते नाव बदललेले व्याज’ अशी टीका अपुरी पडते.

पाकिस्तानचा स्वतःचा इतिहास याला दुसरी बाजू देतो. जनरल झिया यांच्या काळात, १९८५ पर्यंत, सगळ्या बँका कागदोपत्री बिनव्याजी झाल्याच होत्या. व्याजाच्या जागी ‘मार्क-अप’ हा शब्द आला, व्यवहार तसाच राहिला. १९९१ मध्ये तिथल्या संघीय शरियत न्यायालयानेच हा मार्क-अप म्हणजे व्याजच असल्याचा निकाल दिला. २००२ पासून सरकारने धोरण बदलले आणि दोन्ही प्रकारच्या बँका शेजारी शेजारी चालू दिल्या. वरच्या अभ्यासातली कर्जे या दुसऱ्या काळातली, म्हणजे ग्राहकाने स्वतः निवडलेली आहेत. २०२८ पासून निवडच उरली नाही, तर फेडीची ही शिस्त टिकेल का? मला शंका वाटते. ज्याने इस्लामिक कर्ज मागितलेच नव्हते, त्याच्यावर त्या नावाचा तसाच परिणाम व्हायचे कारण नाही.

विश्वास तुटला तर?

ठेवीदारांचेही असेच. २००८ मध्ये पाकिस्तानात बँकांबद्दल घबराट पसरली, तेव्हा इस्लामिक शाखांतून पैसे काढण्याचे प्रमाण कमी होते. फारूक आणि झहीर यांच्या या अभ्यासात एकाच बँकेच्या दोन्ही प्रकारच्या शाखांची तुलना आहे, त्यामुळे तो भरवशाचा वाटतो. पण विश्वासाची मुदत अमर्याद नसते. तुर्कस्तानात २००१ च्या आर्थिक संकटात इहलास फिनान्स या मोठ्या बिनव्याजी वित्तसंस्थेसमोर ठेवीदारांनी रांगा लावल्या आणि ती बंद पडली. या संस्था तेव्हा ठेवविम्याच्या छत्राबाहेर होत्या.

बांगलादेशात तर विश्वासच कामी आणला गेला. इस्लामी बँक बांगलादेश ही १९८३ मध्ये सुरू झालेली, परदेशातील कामगारांचे पैसे घरी आणणारी देशातील सर्वात मोठी खासगी बँक. २०१७ मध्ये एका उद्योगसमूहाने तिच्यावर ताबा मिळवला. त्याच समूहाच्या प्रभावाखालील इतर शरियाधारित बँकांतूनही मोठी कर्जे बाहेर गेली. ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर संचालक मंडळे बरखास्त झाली आणि खरी थकबाकी उघड होऊ लागली. यात शरियाचा दोष किती? बहुधा काहीच नाही. संचालक मंडळ आणि नियामक झोपले की कोणतीही बँक अशीच रिकामी होते. आपल्याकडच्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांना हे वेगळे सांगायला नको. पण फलकावरचे धार्मिक नाव पाहून ठेवीदार कमी प्रश्न विचारतात, हे त्यात भर घालते.

भारतात हा प्रयोग का झाला नाही?

रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये व्यापारी बँकांत बिनव्याजी खिडकी सुरू करण्याची सूचना केली. २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत छोट्या बिनव्याजी कर्जांचा प्रयोग केला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. २०१७ मध्ये माहिती अधिकारातील एका उत्तरात रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय कळवला. सर्व नागरिकांना बँक आणि वित्तसेवांची व्यापक आणि समान संधी उपलब्ध आहे, असे कारण दिले.

राजकारण बाजूला ठेवले तरी कायद्याची अडचण खरी आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करते. म्हणजे वरच्या उदाहरणातील गाडी भारतीय बँक विकत घेऊच शकत नाही. घर असेल तर दोनदा खरेदीखत, दोनदा मुद्रांक शुल्क. ब्रिटनने २००३ मध्ये हे दुहेरी शुल्क काढून टाकले, तेव्हाच तिथे घरांसाठीचे इस्लामिक वित्त मार्गी लागले.

बँक नाही म्हणून मागणी नाहीशी होत नाही. रत्नागिरी, रायगडमधून आखातात गेलेल्या अनेकांची खाती तिकडे इस्लामिक बँकांत असतात. गावी आले की ही सोय नसते. काही जण व्याज घेऊन ते दान करतात, काही जण चालू खात्यात पैसे नुसते पडू देतात. महाराष्ट्रात केवळ सेवाशुल्क घेऊन चालणाऱ्या बिनव्याजी पतसंस्था आहेत, पण त्यांची झेप लहान. उरलेल्या पोकळीत कोण शिरते, हे बंगळुरूने २०१९ मध्ये पाहिले. ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ ऊर्फ आयएमए या कंपनीने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो कुटुंबांकडून पैसे गोळा केले. तपास यंत्रणांनी या घोटाळ्याचा आकडा सुमारे ४ हजार कोटी रुपये सांगितला. गुंतवणूकदारांत मुलीच्या लग्नासाठी पैसे जमवणारे होते, निवृत्तीची पुंजी ठेवणारे होते.

या कंपनीने लोकांकडून ठेवी घेतल्या नव्हत्या. त्यांना मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांत ‘भागीदार’ करून घेतले होते. नफा-तोट्याची जी वाटणी मलेशियातील रीतसर बँकांच्या ताळेबंदात शोधावी लागते, ती इथे प्रत्येकाच्या कागदावर होती. नियामकांकडून विचारणा झाली, तेव्हा हे लोक ठेवीदार नाहीत, भागीदार आहेत, असेच उत्तर कंपनीकडे तयार होते. कार्यालयाला टाळे लागल्यावर याच भागीदारांनी पैसे परत मिळावेत म्हणून कर्नाटक सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज भरले.